एका धक्क्यावर दोन शिट्ट्या

चेंडू घेऊन बास्केटकडे झेपावणारा आक्रमक आणि त्याच्या वाटेत पाय रोवून उभा राहिलेला बचावपटू यांची छातीला छाती भिडते, आक्रमकाच्या हातून सुटलेला चेंडू कड्यातून खाली पडतो, आणि त्याच क्षणी मैदानाच्या दोन वेगवेगळ्या बाजूंनी दोन शिट्ट्या वाजतात. एक पंच दोन्ही हात कमरेवर ठेवून बचावपटूने बेकायदा वाट अडवली असे सांगतो, तर दुसरा उघड्या तळहातावर मूठ आपटून धडक आक्रमकानेच दिली असे जाहीर करतो. बास्केटबॉलच्या सामन्यात हा प्रसंग नित्य घडत नाही. परंतु जेव्हा घडतो, तेव्हा दोन्ही संघांचे प्रशिक्षक एकाच वेळी उभे राहतात, प्रेक्षकांत गलका माजतो, आणि ज्यांच्या हाती निवाड्याचा अखत्यार दिला ते दोघेच परस्परविरुद्ध निवाडे देऊन बसल्यामुळे खेळ काही क्षण अक्षरशः अधांतरी राहतो.

या क्षणी नेमके काय पणाला लागलेले असते, हे प्रथम पाहिले पाहिजे. पहिल्या पंचाचे म्हणणे ग्राह्य धरले, तर बास्केटचे 2 गुण कायम राहतात आणि त्यावर आणखी एक फ्री थ्रो मिळतो, म्हणजे आक्रमक संघाच्या खाती 3 गुणांपर्यंत भर पडू शकते. दुसऱ्याचे ग्राह्य धरले, तर बास्केट रद्द होते, गुण शून्य, आणि चेंडूही प्रतिपक्षाच्या हाती जातो. शिवाय ज्याच्या नावावर फाऊल लिहिला जाईल त्याचा तो पाचवा असेल, तर त्याला उरलेला सामना बाकावर बसून पाहावा लागतो. अटीतटीच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला असे घडले, तर विजय आणि पराभव यांच्यामध्ये या दोन हातांच्या दोन खुणांखेरीज दुसरे काहीही उरत नाही. म्हणूनच परस्परविरोधी फाऊलचा प्रश्न हा केवळ नियमपुस्तकातील एक गौण कलम नसून, एकाहून अधिक माणसांनी मिळून न्याय कसा द्यावा या जुन्या प्रश्नाचेच एक अत्यंत तातडीचे रूप आहे, असे मला वाटते.

दोन प्रामाणिक, जाणते आणि खेळाशी एकनिष्ठ असे पंच एकाच घटनेचा उलट अर्थ कसा लावू शकतात, याचा उलगडा नियमाच्या रचनेतच आहे. बचावपटूला आपली जागा कायदेशीरपणे मिळवायची असेल, तर त्याचे तोंड प्रतिस्पर्ध्याकडे असले पाहिजे आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले असले पाहिजेत. एकदा ही जागा मिळाली की ती राखण्यासाठी त्याने बाजूला किंवा मागे सरकण्यास हरकत नाही. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला थांबण्यासाठी वेळ किंवा अंतर देण्याचे बंधन बचावपटूवर नाही. मात्र आक्रमकाने एकदा जमीन सोडून हवेत उडी घेतली की त्याच्या मार्गात नव्याने येऊन उभे राहण्याची मुभा कोणालाही नाही. त्यात आणखी बास्केटच्या खाली आतल्या कडेपर्यंत 1.25 मीटर त्रिज्येचे एक अर्धवर्तुळ आखलेले असते, आणि त्याच्या आत उभे राहून हवेतल्या आक्रमकाकडून धडकेचा फाऊल मिळवण्याची आशा बचावपटूला सहसा धरता येत नाही. आता या सगळ्या अटी एकत्र वाचल्या म्हणजे ध्यानात येते की पंचाला एका निमिषात तीन वेगवेगळ्या जागांकडे पाहावयाचे असते: बचावपटूचे पाय केव्हा टेकले, आक्रमकाचे पाय केव्हा सुटले, आणि देहाचा कोणता भाग कोणत्या देहाला प्रथम लागला. ज्या जागेवरून पाय उत्तम दिसतात, त्या जागेवरून दोन छात्यांमधली फट दिसेलच असे नाही. आणि जिथून ती फट स्पष्ट दिसते, तिथून हल्ल्याचा आरंभ दिसत नाही.

पंचांच्या जागाही मुद्दाम अशाच निरनिराळ्या ठेवलेल्या आहेत. 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद मैदानावर दोन पंच असतील, तर एक जण हल्ल्याच्या पुढे जाऊन बास्केटमागच्या अंत्यरेषेवर उभा राहतो, त्याला लीड म्हणतात; दुसरा चेंडूच्या मागे, मध्यरेषेकडच्या बाजूने येतो, त्याला ट्रेल म्हणतात; चेंडू उलट दिशेने धावू लागला की त्यांच्या भूमिका आपोआप बदलतात. तीन पंच असल्यास तिसरा, म्हणजे सेंटर, समोरच्या बाजूरेषेवर राहतो. प्रत्येकाला मैदानाचा एक भाग नेमून दिलेला असतो आणि त्या भागातील घटनेची पहिली जबाबदारी त्याची असते. ट्रेलच्या भागातून सुरू झालेली धाव लीडच्या भागात येऊन संपते, आणि ज्या ठिकाणी एकाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते, नेमक्या त्याच ठिकाणी या दोन शिट्ट्या बहुधा वाजतात. ट्रेलने धाव आरंभापासून पाहिलेली असते, म्हणून बचावपटू उशिरा आला हे त्याला जाणवते. लीडने बचावपटूला समोरून पाहिलेले असते, म्हणून तो स्थिर उभा होता हे त्याला दिसते. कित्येकदा तर दोघांपैकी एकाच्या दृष्टीपुढे खेळाडूची पाठ आलेली असते आणि धक्क्याचा केवळ परिणाम, म्हणजे खाली कोसळलेला देह, तेवढा त्याच्या नजरेस पडतो. परिणामावरून कारणाचा तर्क करणे हे पंचाच्या कामातील सर्वांत मोठे संकट आहे. कारण कोसळणे हे कित्येकदा कौशल्याने केलेले नाटक असते.

या खेळाच्या जन्मदात्याने असा कज्जा उद्भवूच नये अशी तजवीज केली होती, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. 1891 च्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, वायएमसीएच्या शिक्षक प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद दालनात खेळता येईल असा हा खेळ योजला आणि पुढच्या जानेवारीत त्याचे 13 नियम छापून प्रसिद्ध झाले. त्या नियमांत दोन अधिकारी होते आणि त्यांची कामे स्वच्छ वाटून दिलेली होती: एकाने माणसांकडे पाहावे, त्यांचे फाऊल टिपावेत आणि प्रसंगी खेळाडूला बाहेर काढावे; दुसऱ्याने चेंडूकडे पाहावे, तो खेळात आहे की नाही, रेषेबाहेर गेला की नाही, कोणत्या पक्षाचा आहे, हे ठरवावे आणि वेळही राखावी. माणसांचा न्यायाधीश वेगळा, चेंडूचा वेगळा. हद्द निराळी, म्हणून हद्दीचा तंटाही नाही. परंतु खेळ जसजसा वेगवान आणि दाटीचा झाला, तसतसे एकाच माणसाला दहा खेळाडूंवर नजर ठेवणे अशक्य होऊन बसले, आणि दोघांनाही सर्व प्रकारच्या चुका पकडण्याचा समान अधिकार देणे भाग पडले. अधिकार समान झाला त्या दिवशी मतभेदाचा दरवाजा उघडला. आणि माझ्या मते तो उघडा ठेवणेच योग्य होते, कारण दोन डोळ्यांऐवजी चार डोळ्यांनी पाहण्याचा लाभ मतभेदाच्या जोखमीहून कितीतरी मोठा आहे.

आपल्याकडच्या खेळांनी हाच प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवलेला आहे. कबड्डीत मैदानाच्या दोन बाजूंना दोन पंच उभे असतात. त्यांचा निर्णय सामान्यतः अखेरचा मानतात, परंतु त्या दोघांत एकवाक्यता नसेल तर निकाल देण्याचा हक्क सरपंचाचा असतो. खो-खोतही दोन पंच मैदान वाटून घेतात आणि त्यांच्यातील मतभेद सरपंच मिटवतो. खेळाबाहेर पाहिले, तर शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला, म्हणजे वादी-प्रतिवादींकडून निवाडा मान्य करण्याबद्दल आधीच राजीनामा आणि जामीनकतबा लिहून घेत, मग साक्षीपुरावा होई, आणि जमलेल्या गोताच्या संमतीचा महजर, म्हणजे निवाडपत्र, शिक्क्यानिशी लिहिला जाई. त्या जुन्या रीतीतला मला मोलाचा वाटणारा भाग हा की, निवाडा कोणी आणि कसा करायचा हे निवाड्यापूर्वी ठरलेले असे. वाद सुरू झाल्यावर न्यायाची पद्धत शोधायला कोणी बसत नसे.

निवाड्याच्या पद्धतीवरील विश्वास उडाला म्हणजे काय घडते, याची आठवण अहिल्यानगरकरांना नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. 2 फेब्रुवारी 2025 रोजी वाडिया पार्कवर 67 व्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या गादी विभागाची निर्णायक कुस्ती पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे यांच्यात झाली. मोहोळने राक्षेला चितपट केले असा निर्णय पंचांनी दिला, आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत असे राक्षेचे म्हणणे पडले, आणि संतापाच्या भरात त्याने पंचांची कॉलर धरून लाथ मारली. त्याच दिवशी झालेल्या अंतिम कुस्तीत मोहोळचा प्रतिस्पर्धी महेंद्र गायकवाडही गुणावरून हरकत घेऊन मैदान सोडून गेला आणि मोहोळ महाराष्ट्र केसरी ठरला. राज्य कुस्तीगीर संघाने राक्षे आणि गायकवाड या दोघांनाही 3 वर्षांसाठी निलंबित केले. पंचावर हात उगारणे किंवा पाय उचलणे याला कोणतीही सबब असू शकत नाही, आणि ते कृत्य करणारा मल्ल कितीही थोर असला तरी त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु त्या दिवसानंतर गावोगावच्या तालमींत आणि पारांवर जी चर्चा झाली, ती मुख्यतः खांदे टेकले की नाहीत याबद्दलची होती. ते ठरवण्यासाठी कुस्तीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत कोणती व्यवस्था केलेली आहे, याबद्दल फार थोडे बोलले गेले. आणि खरे पाहता ती व्यवस्था बास्केटबॉलच्या पंचांनाही शिकण्यासारखी आहे.

गादीवरच्या कुस्तीत तीन अधिकारी असतात: गादीवर मल्लांबरोबर फिरणारा रेफरी, कडेला बसून गुण लिहिणारा साइड पंच, आणि त्या दोघांत फरक पडल्यास निकाल लावणारा मॅट चेअरमन. रेफरीला पाठ टेकलेली दिसली तरी केवळ त्याच्या एकट्याच्या शब्दावर चितपट जाहीर होऊ नये, उरलेल्या दोघांपैकी एकाची तरी तिला संमती असावी, असा तेथे दंडक आहे. येथे अधिकाऱ्यांचे स्थान वेगळे आहे, हे नियमाने गृहीतच धरलेले आहे. जवळच्याला खांद्याखालची गादी दिसते, दूरच्याला मल्लांच्या देहांचा एकूण आकार दिसतो, आणि एकाने पाहिलेले दुसऱ्याने ताडून पाहावे, एवढ्यासाठी त्या तिघांना वेगवेगळ्या ठिकाणी बसवलेले आहे. बास्केटबॉलमध्ये मात्र अशी पूर्वसंमती मागण्याइतका अवसर नसतो. शिटी वाजते ती एकाच्या निर्णयावर वाजते, आणि ती वाजली की घड्याळ थांबते.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची, म्हणजे फिबाची नियमावली बारकाईने वाचली, तर पंचांच्या मतभेदाची दखल तिने तीन ठिकाणी तीन निराळ्या रीतींनी घेतलेली दिसते, आणि या तीन रीतींमधला फरक समजून घेणे हे मला या विषयाचे मर्म वाटते.

पहिली रीत अधिकाराची आहे. प्रत्येक पंचाला आपल्या कर्तव्याच्या मर्यादेत निर्णय देण्याचा पूर्ण हक्क आहे आणि सहकाऱ्याने दिलेला निर्णय डावलण्याचा किंवा त्यावर शंका घेण्याचा हक्क कोणालाही नाही; मात्र पंचांमध्ये मतभेद झाल्यास अखेरचा निर्णय मुख्य पंचाने द्यावा, आणि तो देण्यापूर्वी त्याला सहकाऱ्यांशी, सामना आयुक्ताशी किंवा टेबलावरच्या अधिकाऱ्यांशी सल्लामसलत करता येईल, अशी तरतूद आहे. वरवर पाहता ही दोन वाक्ये एकमेकांना छेद देतात. माझे आकलन असे की, मुख्य पंचाला मिळालेला अधिकार हा सहकाऱ्याने स्वच्छ पाहून दिलेला निर्णय मोडण्याचा नाही, तर जेथे दोघेही आपापली माहिती मांडून एका ठिकाणी येत नाहीत तेथे खेळ अडून राहू नये म्हणून गाठ सोडवण्याचा आहे. मुख्य पंच म्हणजे सहकाऱ्यांवरचे वरिष्ठ न्यायालय नव्हे. तसे तो समजू लागला, तर दुसरा पंच प्रत्येक शिटीपूर्वी त्याच्या तोंडाकडे पाहू लागेल, आणि मग चार डोळ्यांचा लाभ गमावून आपण पुन्हा दोनच डोळ्यांवर येऊ.

दुसरी रीत अज्ञानाची कबुली देणारी आहे. चेंडू रेषेबाहेर गेला आणि शेवटचा स्पर्श कोणाचा याबद्दल पंच साशंक असतील किंवा त्यांच्यात मतभेद असेल, तर नियम ती जंप बॉलची परिस्थिती मानतो आणि टेबलावरचा बाण ज्या संघाकडे दर्शवत असेल त्याला चेंडू मिळतो. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये अशा वेळी पंच एकत्र येऊन विचार करतात आणि तरीही एकमत झाले नाही तर संबंधित दोन खेळाडूंमध्ये प्रत्यक्ष जंप बॉल घेतात. येथे कोणावरही ठपका नाही. वस्तुस्थिती कळली नाही, म्हणून पाळी किंवा उडी यांवर सोपवून खेळ पुढे जातो.

तिसरी रीत सर्वांत कठोर आहे, आणि आरंभी वर्णन केलेल्या प्रसंगाला तीच लागू पडते. फिबाच्या अधिकृत विवरणात असे स्पष्ट म्हटले आहे की, दोन पंचांनी परस्परविरोधी निर्णय दिले आणि त्यांपैकी एका निर्णयाचा परिणाम बास्केट रद्द होणे हा असेल, तर तोच परिणाम वरचढ ठरावा आणि गुण देऊ नयेत. त्याच्या उदाहरणात लीड आक्रमकावर फाऊल देतो, ट्रेल बचावपटूवर देतो, चेंडू बास्केटमध्ये पडलेला असतो. निकाल असा की हा दुहेरी फाऊल, दोघांच्याही नावावर एकेक फाऊल लिहावा, बास्केट धरू नये, फ्री थ्रो देऊ नयेत, आणि आक्रमक संघाने फ्री थ्रो रेषेच्या सरळीत, बाजूरेषेवरून, घड्याळावर उरलेल्या वेळेत पुन्हा चेंडू आत आणावा. अमेरिकेतील शालेय सामन्यांतही असा प्रसंग दुहेरी फाऊलनेच मिटवतात. मात्र तेथल्या महिला महाविद्यालयीन नियमांनी पंचांना एकत्र येऊन दोहोंपैकी एकच फाऊल कायम करण्यास सांगितले आहे.

दुहेरी फाऊलची ही तरतूद अन्याय्य आहे, असे पुष्कळ प्रशिक्षक म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. प्रत्यक्ष धक्क्यात चूक एकाचीच झालेली असते; तरीही दोघांच्या खाती फाऊल जातो, म्हणजे निर्दोष खेळाडूला पंचांच्या गोंधळाची शिक्षा भोगावी लागते. तरीसुद्धा मी या तरतुदीच्या बाजूचा आहे. दोन अधिकाऱ्यांनी आपापले हात वर करून, सर्वांसमक्ष, आपापला निर्णय एकदा जाहीर केल्यावर, त्यांपैकी एकाने तो मागे घेतला तर तो का घेतला याचे कोणतेही प्रमाण प्रेक्षकांपुढे नसते; ज्या संघाचे नुकसान होईल त्याला असेच वाटणार की, ज्येष्ठाने कनिष्ठाला दाबले, किंवा यजमान संघाच्या गलक्याला पंच भ्याले. जाहीर झालेले दोन निवाडे दोन्ही ग्राह्य धरून नियमाने त्या संशयाचे मूळच तोडले. शिवाय ही तरतूद पंचांच्या डोक्यावर टांगती ठेवल्यामुळे खुणा करण्याची घाई टाळणे त्यांना भाग पडते, आणि तिचे खरे कार्य शिक्षेपेक्षा हेच आहे.

कारण या रोगावर औषध आहे ते शिटीनंतर आणि खुणेपूर्वी असलेल्या त्या अर्ध्या-एक सेकंदात. फाऊलची शिटी वाजवल्यावर पंचाने प्रथम एक हात सरळ वर करून मूठ आवळावी, एवढीच खूण नियमाला अपेक्षित आहे; या मुठीने घड्याळ थांबते, परंतु फाऊल कोणाचा आणि कोणत्या प्रकारचा, याबद्दल ती काहीच बोलत नाही. अननुभवी पंच मूठ वर नेतो न नेतो तोच हात कमरेवर आणतो किंवा तळहातावर मूठ आपटतो, कारण आपण निश्चयी दिसावे अशी त्याची इच्छा असते. आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला दुसरा पंचही त्याच इच्छेने उलट खूण करून मोकळा होतो. अनुभवी पंच मूठ वर ठेवून थांबतो आणि सहकाऱ्याकडे पाहतो. त्याचीही मूठ वर असेल, तर ज्याच्या हद्दीतली घटना असेल, किंवा धाव ज्याच्या दिशेने येत होती, त्याने पुढे यावे आणि दुसऱ्याने आपला हात शांतपणे खाली घ्यावा, असा शिरस्ता जगभरच्या पंचांनी मान्य केलेला आहे. हात खाली घेणाऱ्याने आपली शिटी चुकली असे समजण्याचे कारण नाही. ज्याला जास्त दिसले असण्याचा संभव अधिक, त्याच्याकडे त्याने केवळ तो निर्णय सुपूर्द केलेला असतो.

या शिरस्त्याला एक अपवाद आहे, आणि तो न समजल्यामुळे पुष्कळ घोटाळे होतात. दोन शिट्ट्या नेहमी एकाच घटनेवर वाजतात असे नाही. ट्रेलने कदाचित आक्रमकाचे बेकायदा पाऊल, म्हणजे ट्रॅव्हलिंग, पाहून शिटी वाजवलेली असेल, आणि लीडने त्यानंतर झालेल्या धक्क्यावर. अशा वेळी प्रश्न हद्दीचा नसून क्रमाचा असतो. बेकायदा पाऊल आधी पडले असेल तर चेंडू तेथेच मृत झाला आणि नंतरचा साधा धक्का हिशेबात धरण्याचे कारण उरले नाही. म्हणून ज्याच्यापाशी आधी घडलेल्या गोष्टीची माहिती असेल, त्याने हात खाली घेऊन गप्प न बसता लगबगीने सहकाऱ्याकडे जाऊन ती सांगितली पाहिजे. त्या दोघांनी एकत्र आल्यावर काय बोलावे, यालाही एक शिस्त हवी. ‘माझा फाऊल’, ‘तुमचा फाऊल’ अशी मालकीची भाषा न करता, मी काय पाहिले ते प्रत्येकाने थोडक्यात सांगावे: पाय टेकलेले होते, किंवा खांदा आधी लागला, किंवा मला मध्ये पाठ आल्यामुळे काहीच दिसले नाही. हे शेवटचे वाक्य उच्चारण्यास धैर्य लागते, आणि ज्या पंचापाशी ते असते त्याच्याबरोबर काम करणारा सहकारी भाग्यवान म्हटला पाहिजे.

एकाने शिटी वाजवली आणि दुसऱ्याला मात्र काहीच चुकीचे दिसले नाही, हा तिसरा प्रकार. येथे दुसऱ्याने मध्ये पडू नये. न दिसणे हा नकाराचा पुरावा होत नाही.

पंचांमधील मतभेद मिटवण्याचा अधिकार मैदानाबाहेरच्या माणसाने हाती घेतला, तर काय होते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमधील पुरुषांचा अंतिम सामना हे आहे. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील त्या सामन्यात अखेरच्या तीन सेकंदांना अमेरिका 50 विरुद्ध 49 अशी पुढे होती. विश्रांतीची मागणी, घड्याळाचा गोंधळ आणि टेबलावरची तक्रार यांमुळे ते तीन सेकंद एकदा नव्हे तर तीनदा खेळले गेले, आणि त्यात फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स यांनी प्रेक्षागारातून खाली येऊन घड्याळ पुन्हा तीन सेकंदांवर लावण्याचा हुकूम सोडला. तिसऱ्या खेपेस अलेक्झांडर बेलोवने बास्केट केले आणि सोव्हिएत संघ 51-50 असा जिंकला. सामन्याचे ब्राझीलचे पंच रेनातो रिगेटो यांनी गुणपत्रकावर सही करण्याचे नाकारले. अमेरिकेची फिर्याद पाच जणांच्या अपील मंडळाने 3 विरुद्ध 2 मतांनी फेटाळली. आणि अमेरिकेच्या संघाने रौप्यपदके आजतागायत स्वीकारलेली नाहीत. त्या तीन सेकंदांत कोणाचे बरोबर होते, याचा ऊहापोह अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे. मला त्यातून एवढेच घ्यावेसे वाटते की, ज्याला नियमाने अधिकार दिलेला नाही अशा थोर पदस्थाने, कितीही सद्‌हेतूने का होईना, पंचांच्या हातून निर्णय काढून घेतला, की मग तो निर्णय बरोबर असूनही कोणाच्या गळी उतरत नाही.

हे सर्व आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दृष्टीने दूरचे वाटू नये. अकोल्यापासून जामखेडपर्यंत 14 तालुक्यांच्या या जिल्ह्यात शालेय स्पर्धा तालुक्यावरून जिल्ह्याला, आणि तेथून पुढे विभागाला आणि राज्याला जातात, आणि चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालील मुलामुलींच्या या सामन्यांत चित्रीकरण पुन्हा पाहून शंका मिटवण्याची सोय बहुधा नसते. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ती आहे, तरी तेथेही कोणत्या शंकेसाठी पडद्यापाशी जाता येईल याच्या मर्यादा घालून दिलेल्या आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, फाऊलच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची वाटच नियमाने ठेवलेली नाही. फिबाच्या नियमांनुसार सामना संपल्यापासून 15 मिनिटांच्या आत कर्णधाराला मुख्य पंचाकडे हरकत नोंदवता येते. पण ती गुण, वेळ किंवा शॉट क्लॉक यांच्या नोंदीतील न सुधारलेली चूक, सामना रद्द वा बहाल करण्याचा निर्णय, आणि खेळाडूंची पात्रता एवढ्याच बाबींपुरती. धडक होती की अडवणूक, हा प्रश्न त्या दफ्तरात कधीच दाखल होत नाही. त्याचा जो काही निकाल लागायचा, तो मैदानावर, त्या दोन माणसांमध्येच लागला पाहिजे. आणि पंधरा वर्षांच्या ज्या मुलीने पाय रोवून, छातीवर धक्का झेलून, नियमाप्रमाणे आपली जागा राखली, तिला पंचांच्या बेबनावामुळे पाचव्या फाऊलवर बाहेर बसावे लागले, तर तिचे ते नुकसान भरून देणारा कोणीही नाही. मला या विषयाबद्दल आस्था आहे ती मुख्यतः तिच्यासाठी.

तेव्हा उपाय सामन्यापूर्वीच योजला पाहिजे. नियमाने पंचांचा अंमल सामन्याच्या ठरलेल्या वेळेआधी 20 मिनिटांपासून सुरू होतो. या वेळात, किंवा त्याहूनही आधी, दोन्ही पंचांनी एकत्र बसून चार गोष्टी तोंडाने बोलून पक्क्या करून घेतल्या पाहिजेत: धाव माझ्या बाजूने निघून तुमच्याकडे आली तर पहिला हक्क कोणाचा, दोन्ही मुठी वर गेल्या तर खाली कोणी घ्यायची, आधी घडलेल्या चुकीची माहिती असल्यास ती कोणत्या खुणेने कळवायची, आणि इतके करूनही दोन उलट खुणा झाल्याच, तर वेळ न दवडता दुहेरी फाऊल लिहून, दोन्ही प्रशिक्षकांना एकत्र बोलावून, मुख्य पंचाने एका वाक्यात कारण सांगायचे. शालेय स्पर्धांत पंच बहुधा क्रीडाशिक्षकच असतात. सकाळी आपल्या संघाबरोबर येतात, दुपारी शिटी हाती घेतात, आणि मधल्या वेळात रेषा आखणे, गुणपत्रके भरणे, मुलांच्या ओळखपत्रांची खातरजमा करणे ही कामेही त्यांच्याच अंगावर पडतात. संयोजकांनी ही कामे दुसऱ्यांकडे सोपवून पंचांना ती वीस मिनिटे मोकळी करून द्यावीत. आणि अंतिम सामन्यासाठी जे दोन पंच नेमायचे असतील, त्यांना त्या सामन्याच्या दिवशी प्रथमच एकत्र आणण्यापेक्षा आधीच्या फेऱ्यांतले दोन-तीन सामने जोडीने करू द्यावेत, म्हणजे मूठ वर गेल्यावर दुसऱ्याची नजर कुठे शोधायची हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असेल.